आठ खुर्च्यांचं टेबल

गेल्या महिन्यात एका वाचक बाईंचा फोन आला. रत्नागिरीजवळच्या एका गावात राहतात. शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या, यजमान जाऊन तीन वर्षं झाली. या स्तंभातले क्रूझवरचे दोन-तीन लेख त्यांनी कापून ठेवले होते. म्हणाल्या, "मुंबईहून निघणाऱ्या बोटीनं मला एकदा जायचंय. एकटीनं. पण तिकीट काढायच्या आधी तीन गोष्टी विचारते. जेवायला जाताना साडी चालते का? बोट लागली तर काय करायचं? आणि चार दिवस बोलायला कुणी असेल ना हो?"

साडी चालतेच. नटूनथटून जेवायला जाण्याची जी रात्र असते, त्या रात्री काठपदराच्या साडीइतकं शोभणारं दुसरं काही नाही. फक्त डेकवर वारा फार, तेव्हा पदराला पिन हवी आणि पायात न घसरणारी चप्पल. बोट लागण्यावरचे उपायही मी सांगितले. तिसऱ्या प्रश्नाला "असेल की" म्हणून मोकळा झालो, आणि फोन ठेवल्यावर तेच उत्तर मनाला लागून राहिलं. हजार-दीड हजार माणसांच्या जहाजावर चार दिवस काढून एकाही माणसाचं नाव न कळता उतरलेली माणसं मी पाहिली आहेत.

क्रूझबद्दल आपल्याकडे बोलतात ते मजल्यांबद्दल, बुफेबद्दल, पोहण्याच्या तलावाबद्दल. पण ज्यांना खरोखर बोटीचं वेड आहे त्यांना विचारून बघा, ती मंडळी आधी माणसांच्या गोष्टी सांगतात. ते साहजिकही आहे. १८९१ च्या जानेवारीत हॅम्बुर्गच्या अल्बर्ट बालिन यांनी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे आपलं जहाज २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राच्या सहलीवर नेलं. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला प्रवासी मिळत नसत आणि जहाज नुसतं उभं ठेवणं परवडत नव्हतं. आधुनिक क्रूझची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. त्या जहाजावरच्या कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं. पोचायची घाई नसलेली माणसं एका छपराखाली आली की उरते ती सोबत, आणि पुढं शंभर वर्षं जहाजांनी ती सोबत जेवणाच्या टेबलावर जमवली.

ती रीत आपल्या पंगतीसारखीच होती. संध्याकाळी दोन पंगती, एक लवकरची आणि एक उशिराची. जहाजावर चढताच तुमची पंगत आणि तुमचा टेबल क्रमांक ठरलेला असे. सहा, आठ किंवा दहा खुर्च्यांचं गोल टेबल. शेवटच्या रात्रीपर्यंत तेच टेबल, तीच माणसं, तोच वाढपी. पहिल्या रात्री सगळे अवघडून मीठ-मिरपुडीच्या बाटल्या पुढे-मागे करायचे. दुसऱ्या रात्री कुणाला काय चालत नाही ते कळायचं. तिसऱ्या रात्री एखाद्याच्या मुलीचं लग्न का लांबलं, इथवर गोष्ट जायची. आणि चौथ्या रात्री एखादी खुर्ची रिकामी दिसली की उरलेले सात जण काळजीत पडायचे.

२००० साली 'नॉर्वेजियन क्रूझ लाइन'नं 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली. हवं तेव्हा या, हवं तिथे बसा. लोकांना ती आवडली, बाकीच्या कंपन्यांनीही आपापल्या परीनं तसे पर्याय दिले. लहान मुलांच्या आईबापांना आणि पथ्य सांभाळणाऱ्यांना त्यात खरी सोय आहे, तिच्यावर मी टीका करणार नाही. पण अनोळखी माणसं रोज समोरासमोर आणणारी जागा तिथे गेली. आता दोघे जण दोघांच्या टेबलावर बसतात आणि एकटं माणूस बुफेतून ताट भरून खिडकीशी.

मीही पहिल्या सफरीत तेच केलं होतं. पत्नी आणि मी, खिडकीजवळचं दोघांचं टेबल मागून घेतलं, फार छान वाटलं. दुसऱ्या रात्री समुद्र उचलायला लागला. कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत होते, ग्लासातलं पाणी एकदा या कडेला, एकदा त्या कडेला चढत होतं. हिला बोट लागली. मोकळी हवा मिळेल म्हणून मी तिला धरून वरच्या डेककडे निघालो, तर जिन्यापाशी दादरच्या एक काकू भेटल्या. आमची ओळखदेख काही नाही. हिचा चेहरा बघूनच म्हणाल्या, "अहो, यांना घेऊन वर कुठे निघालात? वर जास्त झोके बसतात. खाली चला, मधोमध." आणि हिचा दंड धरून पुढे झाल्या. खालच्या डेकवर, जहाजाच्या बरोबर मध्यावर एक कोच होता, तिथं हिला बसवलं. पर्समधून आलेपाकाची पुडी काढली. सीसॉची दोन टोकं वर-खाली होतात आणि मधली दांडी जवळजवळ जागेवर राहते, जहाजाचंही तसंच असतं, हे मला त्या रात्री त्यांनी समजावून सांगितलं. "सकाळी उजाडलं की क्षितिजाकडे बघत बसा. कानाला हलल्यासारखं वाटतं आणि डोळ्यांना समोर खोलीची भिंत स्थिर दिसते, त्या भांडणातच मळमळतं."

दुसऱ्या दिवशी त्या शोधत आल्या. "आमच्या टेबलावर दोन खुर्च्या आहेत. आजपासून तिथेच या."

ते आठ जणांचं टेबल होतं. काका-काकू, सुरतचं एक जोडपं, पुण्याच्या दोघी बहिणी आणि आम्ही. त्या टेबलावर जे कळलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. खोलीच्या भिंती पोलादी असतात, तेव्हा चार चुंबकी हूक नेले की ओले टॉवेल आणि टोप्या टांगता येतात. घरचा एक्स्टेन्शन बोर्ड तपासणीत बहुधा काढून घेतात. मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे. काका-काकूंची ती सातवी सफर होती, हे मला शेवटच्या रात्री कळलं, आणि तेही मी विचारलं म्हणून.

हे मुद्दाम सांगतो, कारण अलीकडे बोटप्रेमींत बसलं की पहिला प्रश्न येतो, "तुमची ही कितवी?" कंपन्यांनी पायऱ्याच करून ठेवल्या आहेत. 'रॉयल कॅरिबियन'च्या नेहमीच्या प्रवाशांना गोल्ड, प्लॅटिनम, एमराल्ड, डायमंड, डायमंड प्लस आणि ७०० गुणांनंतर पिनॅकल असे दर्जे मिळतात. वरच्या दर्जाला सवलती जास्त. गिऱ्हाईक टिकवायचं म्हणून कंपनीनं ते केलं, त्यात गैर काही नाही. पण कार्डाचा रंग माणसांच्या बोलण्यात उतरला की नव्या माणसाला तोंड उघडायची चोरी होते. "बोट फार हलते का हो?" असं कुणी विचारलं आणि जुन्या मंडळींनी एकमेकांकडे बघून हसू दाबलं, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विचारणाऱ्या गृहस्थांनी पुढं काहीच विचारलं नाही. मला त्याचा राग आला होता, अजून आहे.

कोकणातल्या माणसानं तो प्रश्न विचारला तर त्याच्यामागं घरात ऐकलेली गोष्ट असते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. या शिक्षिकाबाईंच्या आजीनं त्यानंतर बोटीत पाय ठेवला नाही, मुंबईलाच जायचं सोडलं. नातीला आज समुद्रावर जावंसं वाटतंय आणि आजीची भीतीही तिच्या अंगात आहे. तिला "काही होत नाही हो" म्हणून वाटेला लावणं बरं नव्हे. तिला जहाजावर संकटाच्या वेळेसाठीचा सराव काय असतो ते सांगावं. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आदळून ३२ जण गेले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. त्यानंतर नियम कडक झाला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सराव घ्यावा लागतो. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. जुन्या प्रवाशानं नव्याला त्या जागेपर्यंत सोबत नेऊन दाखवलं, परतीचा जिना दाखवला, तर त्याला रात्री झोप लागते. दहा मिनिटांचं काम आहे.

असं सांभाळून घेणं आपल्याला काही नवं नाही. मुंबई ते गोवा आगबोट चालायची तेव्हा डेकवरची माणसं वळकट्या शेजारी शेजारी पसरत आणि रात्र संपेपर्यंत एकमेकांच्या घरची होत. वडील सांगायचे, हर्णैला बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतरणाऱ्यांना न्यायला पडाव येत. पडाव लाटेवर वर आला की नेमक्या क्षणी मूल खाली द्यायचं. देणारा एक आणि घेणारा दुसरा, दोघेही मुलाचे कुणीच नसत.

गोव्याच्या दर्यावर्दींनी तर याची व्यवस्थाच उभी केली. बोटीवर कामाला जाणारा तारवटी गावाहून मुंबईत येई, पुढची बोट मिळेपर्यंत त्याला राहायला जागा नसे. त्यासाठी गोव्यातल्या गावागावांनी धोबीतलाव, माझगाव भागात आपापले कूड काढले. एखादा मोठा हॉल, भिंतीशी ओळीनं लावलेल्या पेट्या, समोर वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची रोझरी. भाडं नाममात्र. पहिल्यांदा आलेल्या पोराला गोदीत कुणाकडे जायचं, कागदपत्रं कशी करायची हे तिथले जुनेच सांगत. काही कूड अजून चालू आहेत. धोबीतलावच्या एका कूडात मी एकदा गेलो होतो. दारात उभं राहून कुणाला भेटायचंय हे सांगायच्या आधीच आतून कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला होता.

मोठ्या जहाजांवरही अशा जागा आहेत, फक्त त्या कुणी मोठ्यानं सांगत नाही. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत कधी कधी बारीक अक्षरात एक ओळ असते, 'फ्रेंड्स ऑफ बिल डब्ल्यू.' वेळ आणि खोली, बाकी काही नाही. १९३५ साली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सन हे एक, त्यांच्या नावाची ही खूण. मजल्यामजल्यावर बार असलेल्या जहाजावर दारू सोडलेल्या माणसाला एक तास आपल्यासारख्यांत बसता यावं म्हणून ती ओळ असते. क्रूझच्या सगळ्या झगमगाटात माझ्या लेखी याहून माणुसकीची गोष्ट दुसरी नाही.

एकट्या प्रवाशांचं कोडं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. भाडं धरतात ते एका खोलीत दोघं या हिशेबानं, त्यामुळे एकट्याला पुष्कळदा जवळजवळ दुप्पट पडतं. २०१० साली 'नॉर्वेजियन एपिक'वर एकट्यांसाठी १२८ छोट्या खोल्या केल्या, आणि त्यांच्याजवळ फक्त त्या प्रवाशांसाठी एक बैठकीची खोली ठेवली. एकट्या माणसाला लहान खोली चालते. त्याला संध्याकाळी जाऊन बसायला जागा हवी असते, हे तिथं बरोबर ओळखलं होतं. आपल्या बाजूला समुद्रसफरी वाढताहेत, मुंबईत बॅलार्ड पिअरला २०२५ मध्ये नवं क्रूझ टर्मिनल सुरू झालं. तिथून निघणाऱ्या जहाजांवर अशी बैठक असावी असं मला फार वाटतं. निवृत्त, एकट्या, हातीपायी धड असलेल्या आणि समुद्र बघायला आसुसलेल्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत.

तोवर काम आपल्यालाच करायचंय. चाळीस जणांचा ग्रुप घेऊन जाणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं आहे: तुमची दंगामस्ती, अंताक्षरी खुशाल चालू द्या, पण शेजारच्या टेबलावर एकटं जेवणारं कुणी दिसलं तर उठून जा आणि बोलवा. ते माणूस आपणहून येणार नाही. आणि वाढप्याचं नाव पहिल्याच रात्री विचारून घ्या. तो सासष्टीचा निघेल, मालवणचा निघेल, नाहीतर मनिलाचा. घर सोडून महिनोन् महिने तो आठवड्याचे सातही दिवस राबत असतो. नावानं हाक मारली की त्याच्या चेहऱ्यात होणारा फरक लांबच्या टेबलावरूनही दिसतो.

परवा बाईंचा पुन्हा फोन आला. तिकीट काढलंय, दिवाळीनंतरचं. यावेळी मी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं. म्हटलं, चढल्या चढल्या सगळे बुफेकडे धावतील, तुम्ही धावू नका. आधी जेवणघराच्या दाराशी जा. टेबलांची यादी ज्याच्या हातात असेल त्याला सांगा, मला मोठ्या टेबलावर बसायचंय, इतर माणसांबरोबर, आणि रोज त्याच टेबलावर. पहिल्या दिवशी मागितलं तर बहुतेक मिळतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि वहीत उतरवलं.

मग म्हणाल्या, "आलेपाक नेऊ का हो?"

"घरचं खाणं बऱ्याच ठिकाणी वर नेऊ देत नाहीत. दुकानातलं बंद पाकीट घ्या."

"किती घेऊ?"

"आठ जणांना पुरेल एवढं."