गळका रेडिएटर आणि चिमूटभर हळद

वैशाखात परभणीचा पारा ४३-४४ अंशांच्या पुढे जातो, आणि नेमका त्याच दिवसांत प्रवास अधिक असतो. शाळांना सुट्टी असते, लग्नसराई असते, पाहुणे आलेले असतात. त्यांना घेऊन जिंतूरजवळच्या नेमगिरीचे किंवा नवागडचे दर्शन करावे, असा बेत घरोघरी ठरतो. परतीच्या वाटेवर पुष्कळांच्या परिचयाचा एक प्रसंग उभा राहतो. परभणी-जिंतूर रस्त्यावर मोटारीच्या तापमानाचा काटा चढू लागतो, बॉनेटच्या फटीतून वाफ येते आणि रस्त्यावर हिरवट पाण्याची धार उमटते. गाडीत आजी असतात, तान्हे मूल असते. सूर्यास्तापूर्वी घरी पोचून भोजन आटोपायचे असते. चालक म्हणतो, “शेठजी, समोरच्या दुकानातून हळदीची पुडी आणतो. टाकली की गळती थांबेल.”

हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मालमोटारींचे चालक तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत आणि त्यामागे तर्क आहे. हळदीची बारीक पूड पाण्याबरोबर रेडिएटरमध्ये फिरते. जेथे सूक्ष्म छिद्र असते, तेथून पाणी बाहेर पडताना पूडही तिकडे ओढली जाते, फुगते, एकावर एक साचते आणि छिद्र बुजते. वसमतच्या बाजारात हळदीचा व्यापार करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ऐकून मौज वाटेल. परदेशांत विकल्या जाणाऱ्या गळतीरोधक गोळ्यांपैकी काहींमध्ये आल्याच्या मुळीची पूड असते, आणि आले व हळद या एकाच कुळातल्या वनस्पती आहेत. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तर कॅडिलॅक गाड्यांच्या नॉर्थस्टार इंजिनात अशा गोळ्या कारखान्यातच घालण्याची प्रथा ठेवली होती.

आज स्पेअर पार्टच्या दुकानात ‘रेडिएटर स्टॉप लीक’ या नावाने मिळणारी बाटली हेच काम अधिक मोजूनमापून करते. काहींत वनस्पतिजन्य तंतू असतात, काहींत धातूचे अतिसूक्ष्म कण, तर काहींत सोडियम सिलिकेट, जे उष्णतेने काचेसारखे घट्ट होते. मात्र हळद असो वा बाटली, दोन्हींची मर्यादा एकच आहे. हे ठिगळ आहे, नवे वस्त्र नव्हे.

मर्यादा कळण्यासाठी गळती कोठे आहे ते आधी पाहावे लागते. रेडिएटरच्या जाळीतील केसाएवढी चीर किंवा सुईच्या टोकाएवढे छिद्र असेल, तर औषध बहुधा लागू पडते. फाटलेला रबरी पाइप, सैल झालेली क्लिप, झिजलेला वॉटर पंप किंवा खराब झाकण यांवर त्याचा उपयोग नाही. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. मिस्तरी त्यांना डाग देऊन वर्षानुवर्षे चालवीत. हल्लीच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही कडांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. ती प्लास्टिकची टाकी तडकली, तर कोणतेही चूर्ण तिला फार काळ सांधून ठेवू शकत नाही. बाहेर थेंबही न दिसता पाणी कमी होत असेल, धुराड्यातून पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर दोष हेड गॅसकेटचा असण्याचा संभव मोठा. तेव्हा गाडी ओढून नेणेच शहाणपणाचे.

रस्त्यात प्रसंग आलाच, तर पहिले काम औषध शोधण्याचे नाही, थांबण्याचे आहे. काटा चढताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण चालू करावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते. मग सावली पाहून गाडी उभी करावी आणि इंजिन बंद करावे. काटा पुन्हा खाली आला म्हणून पुढे निघण्याचा मोह काहींना होतो. पाणी पूर्ण गेले असेल, तर तापमान मोजणाऱ्या सेन्सरला पाण्याचा स्पर्शच उरत नाही आणि काटा खोटे बोलतो. तशा स्थितीत थोडे अंतर गाडी रेटली, तरी सिलिंडर हेड वाकू शकते, आणि मग खर्च रेडिएटरचा राहत नाही, इंजिनाचा होतो.

गरम रेडिएटरचे झाकण मात्र कोणत्याही कारणास्तव उघडू नये. बंद झाकणाखाली दाब असतो. त्या दाबामुळे आणि कूलंटमुळे आतले पाणी १०० अंशांवर उकळत नाही, १२० अंशांपलीकडेही द्रवरूपच राहते. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि क्षणात त्याची वाफ होऊन तोंडावर, हातावर येते. किमान अर्धा तास थांबावे. वरचा पाइप हाताला थंड लागेल, तेव्हाच जाड फडके धरून झाकण सावकाश सोडावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नये, धातू तडकण्याचे भय असते.

यानंतर बाटली चांगली हलवून, तिच्यावर लिहिलेल्या मापानेच औषध घालावे. एका बाटलीने थांबले नाही म्हणून दुसरी ओतणे ही नेहमीची चूक आहे. औषध रेडिएटरमध्येच घालावे, बाजूच्या कूलंट बाटलीत घातले तर ते तेथेच पडून राहते. पाणी भरून झाकण लावावे, हीटर चालू ठेवून इंजिन १०-१५ मिनिटे चालू द्यावे आणि गळती थांबली की नाही ते पाहावे. पाणी कोणते घालावे, याचे उत्तर पुष्कळ जैन कुटुंबांच्या प्रवासी पिशवीतच असते. बोअरच्या पाण्यात क्षार अधिक, ते रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. उकळून गाळलेल्या पाण्यातले बरेच क्षार घरच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर होऊन आधीच उरलेले असतात. ते पाणी थंड झालेले असेल, तर अडचणीत तेच अधिक बरे. मात्र आजींपुरते आणि मुलापुरते राखूनच उरलेले वापरावे.

गळती थांबली, तरी काम संपत नाही. जे चूर्ण छिद्र बुजवते, त्याला छिद्र आणि अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. हीटरच्या बारीक नळ्या, थर्मोस्टॅट, रेडिएटरची जाळी येथेही ते साचते. दोन-चार दिवसांत मिस्तरीकडे जाऊन, औषध घातल्याचे आपण होऊन सांगून, दुरुस्ती आणि संपूर्ण प्रणालीची धुलाई करून घ्यावी. हळद घातली असेल, तर याची गरज अधिक.

येथे आणखी दोन कर्तव्ये येतात. पहिले मुक्या जिवांविषयीचे. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. गळालेले हिरवे पाणी कुत्र्या-मांजरांनी चाटले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. दारात किंवा वखारीत असे डबके दिसताच त्यावर माती वा भुसा टाकून ते उचलावे, भरपूर पाण्याने जागा धुवावी, आणि काढलेले कूलंट नालीत न सोडता डब्यात भरून गॅरेजकडे द्यावे.

दुसरे कर्तव्य पेढीच्या परंपरेतले. दुकानाची पिकअप घेऊन चालक रोज मोंढ्यात जातो. “आज हळदीवर भागव, सीझन संपल्यावर पाहू,” असे मालकाने म्हटले, तर भर उन्हात रस्त्यावर अडकणार तो चालक असतो, आणि उकळते झाकण उघडणारे हातही त्याचेच असतात. तशीच गोष्ट गाडी विकण्याची. औषधाने बुजवलेला रेडिएटर न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात घालणे म्हणजे वजनात मारल्यासारखेच आहे. जो दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, तो घेणाऱ्याला सांगून किंमत ठरवावी. दोन पैसे कमी मिळतील, पण पेढीची साख शाबूत राहील.

ठिगळाने घरापर्यंत पोचता येते, आणि तेवढ्यासाठी ते लावण्यात गैर काही नाही. एखादी बाटली, पाच लिटर चांगले पाणी आणि जाड फडके डिकीत ठेवले, तर वैशाखातला प्रवास निर्धास्त होईल. त्याहून उत्तम म्हणजे चैत्रातच पाइप, झाकण आणि कूलंट एकदा तपासून घेणे.