होयबा मदतनीस
यंत्रबुद्धीचा मदतनीस आपल्या विचारपद्धतीस अनुरूप निवडावा, असा उपदेश हल्ली ऐकू येतो. अनुरूप म्हणजे होयबा काय? एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीची एक सुधारणा अतिस्तुतीच्या दोषामुळे मागे घ्यावी लागली! विवेकवर्धिनीचे मराठी वर्ग पाहिलेल्या गौलीगुड्याला अनुरूपतेचा खरा अर्थ ठाऊक असावा. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे म्हणून स्थापन झाले. इंग्रजीचे जोखड गेले खरे, परंतु मराठी विद्यार्थ्यास परभाषाच उरली. तेव्हा मदतनिसाची भाषा आपली असावी, मत नव्हे. आपले लाडके मत त्याच्यापुढे मांडावे आणि त्याविरुद्धचा बळकट युक्तिवाद मराठीतच मागावा. जो गोड बोलून टाळील, त्यास खुशाल रजा द्यावी.