बैलाचा खुराक आणि मालकाचं पोट

आमचे साडू पुण्यात कोथरूडला राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना पळण्याचा नाद लागलाय, आणि नवा नाद लागलेला माणूस तो एकट्याजवळ ठेवत नाही. या आठवड्यात त्यांनी मला वेळापत्रकच धाडलं. पहाटे पाचला उठा, कोमट पाणी प्या, साडेपाचला एकट्यानं बाहेर पडा, मोबाइल घरी ठेवा, अंधारात मन एकाग्र होतं.

मी राहतो नारायणगाव आणि मंचरच्या मधे, हायवेपासून आत. अंगण संपलं की ऊस. साडेपाचच्या अंधारात उसाच्या कडेनं एकट्यानं पळणाऱ्या माणसाचं मन एकाग्र होतं यात वादच नाही. फक्त तेव्हा बिबट्याचंही होतं.

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. त्याची पिल्लं आता उसातच जन्मतात, उसातच वाढतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, पण शिवारातले सगळे तिथं मावतील थोडेच? जुन्नर-आंबेगावात या जनावरानं माणसं नेलीत, त्यामुळे हा विषय चेष्टेचा राहिलेला नाही. वनखात्याचा फलक सांगतो, अंधारात एकटे फिरू नका, हातात काठी-बॅटरी ठेवा, मोबाइलवर गाणी लावा, उघड्यावर वाकून बसू नका. साडूंचं वेळापत्रक या फलकाशेजारी धरून पाहिलं, एकही ओळ जुळेना. फोन करून विचारलं तर म्हणाले, “अहो, मग जरा वेग वाढवा!”

आकडेवारी एकदाच सांगून मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं आठवड्याला किमान 150 मिनिटं झपझप चालावं, किंवा 75 मिनिटं घाम निघेल असं पळावं. आयसीएमआरच्या 2023 साली आलेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींवर रुग्ण आहेत, आणि हा आजार आता शहरापुरता उरलेला नाही. पहाटे पाचचा आग्रह यात कुठंच नाही. मिनिटं दुपारी चारला भरली तरी ती मिनिटंच असतात.

आहाराचं म्हणाल तर डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. मूळ विचार श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर सांगतात, दर दोन तासांनी थोडंथोडं खा. आमच्याकडं कुणाचाही शब्द खाली पडू देत नाहीत. दोन जेवणं दीक्षितांची होतात आणि मधलं थोडंथोडं दिवेकरांचं. त्यात पाहुणा आला की मासवडी आलीच. 

सांगायचं आहे ते आमच्या आळीतल्या नानांबद्दल. नाना गाडामालक. त्यांच्या गोठ्यात बैलगाडा शर्यतीची दोन खोंडं आहेत. सकाळी फटफटीत उजाडलं की नाना उडदाच्या पिठात अंडी फोडतात, तळहातावर गोळा वळतात, खोंडाचा जबडा डाव्या हातानं उचलून गोळा आत सारतात आणि तो गिळेपर्यंत गळ्यावरून हात फिरवत उभे राहतात. वर दूध. मग चालणं, एका दिवसाआड पोहणं, पळवून आणल्यावर कोमट पाण्यानं पाय शेकणं. कालच्यापेक्षा आज जास्त धापला तर उद्या विश्रांती. शर्यतीच्या दिवशी पोट हलकं. कोथरूडचा कुठलाही कोच याहून वेगळं काय सांगणार?

आणि स्वतः नाना? दिवसभर चहा, हायवेला वडापाव, रात्री उशिरा जेवण. बैलाच्या खुराकाला पाच मिनिटं उशीर झालेला त्यांना चालत नाही, शुगरची गोळी मात्र देवळीत दोन-दोन दिवस तशीच पडून. म्हटलं, “नाना, खोंडाबरोबर तुम्हीही चाला की.” तर म्हणाले, “मला कुठं घाटात पळायचंय?”

हे उत्तर मला फार लागलं, कारण नानांचा निश्चय मी शर्यतबंदीच्या काळात पाहिलाय. सुप्रीम कोर्टानं 2014 साली बैलगाडा शर्यती बंद केल्या, त्या डिसेंबर 2021 मध्ये सशर्त उघडल्या, आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं घाटात ना गाड्यांची बारी होती ना ‘भिर्रर्र’ची आरोळी. कित्येकांनी बैल विकले. नानांसारख्यांनी मात्र शर्यत नसताना रोज खुराक घातला, रोज फिरवलं. मनाचा निश्चय म्हणून जे शिकवायला शहरात फी घेतात, ते या माणसाकडं पोत्यानं आहे. ते सगळं त्यानं खुंट्याला बांधून ठेवलंय, एवढंच.

आमच्याकडं पळतात ती भरतीची पोरं. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. हायवेच्या ढाब्यांचा उजेड पडतो तेवढ्या पट्ट्यात ती पळतात, अंगाला घासून ट्रक जातात. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला ऊस. भरती झाली की पळणं सुटतं, वय उलटलं तरी सुटतं.

आता गावोगावच्या शर्यतीच्या घाटांकडं पाहा. चढाची, रोलर फिरवलेली सरळ वाट, दोन्ही अंगांना मोकळं. यात्रेचे दिवस सोडले तर वर्षभर तिथं गवत वाढतं. यात्रा कमिट्यांना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: यात्रा उरकली की घाट माणसांना द्या. गवत काढा, कडेला दिव्याचे दोन खांब उभे करा, आणि दिवस मावळायच्या आत तासभर तिथं माणसांचा राबता राहील असं पाहा. पोरं पळतील, बायका चालतील, गाडामालकांनाही आणता येईल. वर्षभरात तुम्ही वाढदिवसांचे जेवढे फ्लेक्स लावता, त्याहून खर्च कमीच येईल.