चित्रकाराचे पत्र आधी पडद्यावर

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा उपलब्ध पत्रव्यवहार २००९ मध्ये एकाच वेळी दोन रूपांत वाचकांपुढे आला: सहा जाडजूड खंड आणि इंटरनेटवरचे विनामूल्य संकेतस्थळ. पत्रे ९०२. त्यांतली ८१९ त्याची स्वतःची, बाकीची त्याला आलेली. सातारा-सांगलीच्या वाचकाला सहा खंड परवडायचे नाहीत, तेव्हा त्याने संकेतस्थळावर भागवावे, असे सहज म्हटले जाते. यात संकेतस्थळाला दुय्यम ठरवले जाते, आणि ते चूक आहे. पैशाचा प्रश्न नसता तरी चित्रकाराचे पत्र आधी पडद्यावरच वाचावे.

व्हॅन गॉग लिहिता लिहिता रेखाटत असे. ऑक्टोबर १८८८ मध्ये आर्लहून भाऊ थिओला लिहिताना त्याने आपल्या झोपण्याच्या खोलीच्या चित्राचे रेखाटन दिले आणि भिंतीपासून पलंगापर्यंत एकेका वस्तूचा रंग शब्दांत सांगितला. रेषा कागदावर, रंग वाक्यांत. एक वगळले की दुसरे लंगडे. छापील खंडांतही चित्रे भरपूर आहेत, हे खरे. पण हस्ताक्षराचे पान, मूळ डच किंवा फ्रेंच मजकूर आणि इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी लावून पाहण्याची सोय पडद्यावरच आहे, आणि संपादकांच्या संपूर्ण टिपाही तिथेच. खंडांत त्या आटोपशीर केल्या आहेत. शिवाय यातल्या कितीतरी पत्रांवर तारीखच नाही. थिओची पत्नी योहाना हिने १९१४ मध्ये पत्रे प्रथम ग्रंथरूपात आणली, तेव्हा लावलेला क्रम पुढच्या अभ्यासकांना जागोजागी बदलावा लागला. छापलेला क्रम बदलायचा तर नवी आवृत्ती काढावी लागते; संकेतस्थळावर तो तिथल्या तिथे दुरुस्त करता येतो.

पत्रे छापण्याचे मोल सातारा-सांगलीला कोणी शिकवायला नको. इतिहासकार राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १८९८ चा पहिला खंड वाईत सापडलेल्या कागदांवर उभा राहिला. मिरजेत खरेशास्त्र्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडामागून खंड काढला. त्या कष्टांपुढे मान लवते. तरीही मोडीचे देवनागरी झाले की एखादे अक्षर संपादकाने कसे लावले, हे वाचकाला पडताळता येत नाही; त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. राजकारणाच्या पत्रात हे बरेचसे निभावते. चित्रकाराच्या पत्रात शब्द कुठे थांबला आणि रेघ कुठे सुरू झाली, हाच निम्मा मजकूर असतो.

संकेतस्थळ उद्या बंद पडले तर काय, हा आक्षेप रास्त आहे. पण कागद टिकतोच, असे निदान सांगलीत तरी कोणी म्हणू नये. २०१९ च्या महापुरात तिथल्या नगर वाचनालयाची पुस्तके भिजून गेली. प्रती दोन्हीकडे हव्यात, एवढेच यातून सिद्ध होते. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. शोधाची चौकट समोर असली की वाचक थेट डिसेंबर १८८८ मध्ये त्याने स्वतःचा कान कापला त्या प्रकरणावर उडी मारतो. ड्रेंथमध्ये राहताना आलेला एकाकीपणा, न्यूनेनमध्ये ‘बटाटे खाणारे’ या चित्रासाठी केलेली शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांची तयारी, रंगांसाठी थिओकडे पुन्हा पुन्हा मागितलेले पैसे हे सगळे मागे राहते, आणि झटके येणारा वेडा कलावंत तेवढा हाती लागतो. पुस्तक असे सहजी उडू देत नाही. इथे छापील प्रत सरस आहे, यात वाद नाही.

म्हणून सातारा-सांगलीच्या वाचनालयांनी सहा खंडांसाठी वर्गणी गोळा करत बसू नये. संकेतस्थळ उघडेल असा एक मोठा, रंग नीट दाखवणारा पडदा वाचन कक्षात लावावा. आणि कुणा मराठी प्रकाशकाने निवडक शंभरेक पत्रांचे, रीतसर परवानगी घेऊन केलेले, कालक्रमाने लावलेले भाषांतर काढावे. प्रत्येक पत्राच्या समासात संकेतस्थळावरचा त्याचा क्रमांक मात्र हवाच, म्हणजे पुस्तक वाचता वाचता वाचकाला मूळ पान लगेच काढता येईल.