दोन मिनिटांचा आकाशमार्ग

अंतराला वेगाने भागले की प्रवासाचा वेळ मिळतो, हे गणित आपण सारे शाळेत शिकलो. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहात मात्र ते अपुरे पडते. तेथील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांवरील विमानतळांमध्ये अवघे २.७ किलोमीटर अंतर आहे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीही याहून लांब! १९६७ पासून चालणारी ही फेरी जगातील सर्वांत छोटी नियमित विमानफेरी मानली जाते.

या चिमुकल्या विमानाचा वेग ताशी २४० किलोमीटर धरला, तर हे अंतर सुमारे ४० सेकंदांत कापले जावे. वेळापत्रकात मात्र २ मिनिटे दिलेली असतात. कारण उड्डाण, वळण आणि उतरणे यांचा वेळ वाऱ्याच्या दिशेवर ठरतो. वारा अनुकूल असताना ५३ सेकंदांचा विक्रमही झाला आहे. दाट धुके उतरले, की तेच अंतर अपार होते.

एवढ्याशा वाटेसाठी विमान कशाला, असे व्यवहारी मन विचारील. पापा वेस्ट्रेवर शंभराच्या आसपास माणसे राहतात. शिक्षक, डॉक्टर आणि रुग्ण याच विमानाने मुख्य शहर कर्कवॉलशी जोडलेले राहतात. तिकिटांतून खर्च भागत नाही, म्हणून सार्वजनिक निधीतून साहाय्य दिले जाते. वहीत तूट दिसते खरी. परंतु बेटावरील घरांत दिवे लागत राहतात, ही त्या फेरीची मिळकत कोणत्या खात्यात मांडावी?