हेक्टरचे मूल का वाचवले?

महाकाव्यावर चित्रपट काढूच नये, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्या जिल्ह्याला तर तसे म्हणण्याचा अधिकारही नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. मराठी नाटकाचा आरंभ आपण ज्या प्रयोगापासून मानतो, तो रामकथेचे रूपांतरच होता. पुढे दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ पडद्यावर आणला. माध्यम बदलले की कथेत काटछाट होणारच. प्रश्न एवढाच की, काय कापले जाते आणि कोणासाठी?

हा प्रश्न मला पडला तो ‘ट्रॉय’ हा इंग्रजी चित्रपट पाहताना. वोल्फगांग पीटरसन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००४ साली आला. होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यावरून तो सुचला आहे. युद्धाचे दहावे वर्ष चालू असताना अकिलीस रागावतो, तेथे ‘इलियड’ सुरू होते आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्काराने संपते. ते प्रसिद्ध लाकडी घोड्याचे प्रकरण त्यात नाहीच. चित्रपटात ते आहे. देवांचे भांडण मात्र चित्रपटाने वगळले आहे आणि दहा वर्षांचे युद्ध थोड्या दिवसांत आटोपले आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. पावणेतीन तासांत चोवीस सर्ग कसे मावणार?

शिवाय या चित्रपटाने एक प्रसंग फार चांगला सांभाळला आहे. म्हातारा राजा प्रायम रात्री एकटाच शत्रूच्या तंबूत येतो, ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्याच हातांचे चुंबन घेतो आणि मुलाचे प्रेत मागतो. पीटर ओटूल यांचा प्रायम पाहिल्यावर होमर का वाचायचा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पण त्यानंतर काय होते? चित्रपटात मेनेलॉस हेक्टरच्या हातून आधीच मेलेला असतो. दुष्ट अगामेम्नॉनला ब्रिसीस सुरीने मारते. हेक्टरची पत्नी अँड्रोमॅकी तान्ह्या मुलाला घेऊन भुयारातून सुखरूप निसटते. ग्रीकांच्या परंपरागत कथेत यातले काहीच नाही. ‘ओडिसी’त मेनेलॉस हेलनसह स्पार्टात आपल्या राजवाड्यात नांदतो आहे. हेक्टरच्या मुलाला मात्र तटावरून खाली फेकले जाते आणि अँड्रोमॅकी दासी होते. ‘इलियड’च्या शेवटच्या सर्गात पतीच्या प्रेतापाशी ती हीच भीती बोलून दाखवते. युरिपिडीसने याच विषयावर लिहिलेले ‘ट्रोजन विमेन’ हे नाटक इसवी सनापूर्वी ४१५ मध्ये अथेन्सला झाले. थोड्याच दिवसांपूर्वी अथेन्सने मेलोस बेट जिंकून तेथील पुरुष मारले होते आणि बायकामुले गुलाम म्हणून विकली होती. त्या प्रेक्षकांसमोर हे नाटक उभे राहिले!

कोणी म्हणेल, चित्रपट करमणुकीसाठी असतो. पदरचे पैसे मोडून रडायला कोण जाईल? मला हे पटत नाही. आपल्या गावांतून श्रावणात ‘पांडवप्रताप’ लावला जातो. तो लिहिणारे श्रीधर तर सांगोल्याकडच्या नाझऱ्याचे. त्यांनीही व्यासांचे महाभारत आपल्या श्रोत्यांसाठी ओवीत आणले, आपल्या परीने सजवले. पण चक्रव्यूहात अभिमन्यू मरतोच. ऐकणाऱ्या आयाबाया पदराने डोळे पुसतात; पोर वाचवा, असे कोणी म्हणत नाही. व्यासांनी तर युद्ध संपल्यावर गांधारीला आणि विधवांना रणांगणावर आणून एक सबंध स्त्रीपर्व लिहिले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातील याच कठोरपणाचे मोल आपल्याला दाखवले आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या श्रोत्यांनी जे सोसले, ते आपल्यासारख्या शिकलेल्या प्रेक्षकांना सोसणार नाही, असे कोणी ठरवले?

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांतून माणूस सैन्यात आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. तटावर मुलाला कडेवर घेऊन नवऱ्याला निरोप देणारी अँड्रोमॅकी अशा घरांना समजावून सांगावी लागत नाही. पण आमच्या पिढीची महाकाव्याशी पहिली भेट बहुधा पडद्यावरच होते. युद्धात शेवटी वाईट माणसे मरतात आणि मुले वाचतात, असे पडदा सांगू लागला तर युद्ध आम्हांला सोपे वाटू लागेल. ते सोपे नाही, हेच तर होमर आणि व्यास सांगत आले.

म्हणून रूपांतर करणाऱ्याने देव वगळावेत, वर्षे कमी करावीत. पण युद्धाची किंमत कमी करू नये. आणि आपल्या प्राध्यापकांना एक विनंती. महाविद्यालयाच्या सभागृहात ‘ट्रॉय’ एकदा जरूर दाखवावा आणि त्याच आठवड्यात ‘इलियड’चा चोविसावा सर्ग मराठीत समजावून मोठ्याने वाचावा. मग हेक्टरचे मूल वाचवणे योग्य की अयोग्य, यावर आम्ही विद्यार्थी मनसोक्त भांडू.