मी शे ना

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला नात माझ्या खोलीत आली. नऊ वर्षांची आहे. हातात आईचा मोबाइल. कुणीतरी देवीचा फोटो पाठवला होता आणि खाली मजकूर: अकरा जणांना पाठवा, चोवीस तासांत गोड बातमी मिळेल, नाही पाठवलं तर घरात वाईट घडेल. पोरीच्या ओळखीचे नंबर चारच. उरलेले सात कुठून आणायचे, या काळजीनं ती रडकुंडीला आली होती. "आबा, आईला काही होईल का?"

मोबाइल नवा, धमकी जुनी. १९७५ साली 'जय संतोषी माँ' सिनेमा आला, त्यानंतर आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावातही तसली पोस्टकार्डं येऊ लागली. अमक्यानं कार्डं लिहिली, त्याला धन सापडलं. तमक्यानं फाडलं, त्याचा मुलगा गेला. मी तेव्हा सातवीत. आमच्या घरी कार्ड आलं ते मीच माझ्या आईला वाचून दाखवलं, कारण तिला अक्षरओळख नव्हती. तिनं भाकरी उलटली, माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि चुलीत घातलं. म्हणाली, "माय आपला लेकरले आसं भेवाडस का?" मी रात्रभर जागा. सकाळी म्हशीनं रोजच्याइतकंच दूध दिलं, तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला.

आपण मोठी माणसं मुलांना देवाची पहिली ओळख कशी करून देतो? खोटं बोललास तर बाप्पा कान कापेल. ताटात टाकलंस तर देव बघतोय. देवाला फौजदार केलं की आपलं काम सोपं होतं. मग तेच मूल मोठं होऊन फॉरवर्ड करत बसतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. रात्रभर तिची गाणी म्हणणाऱ्या, तिला माय म्हणणाऱ्या बायाच नैवेद्याच्या रोटात काही चुकलं म्हणून पुढे वर्षभर धसका घेतात. माय म्हणायचं आणि घाबरायचंही, हे मला कधी जमलं नाही.

आम्हा धुळ्यात राहणाऱ्यांनी तरी देवाला असा फौजदार करू नये. इथल्याच तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते. अठरा अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजी ते ऐकत ऐकत लिहून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हाती आलं. आईला संस्कृत गीता कळेना, म्हणून विनोबांनी त्याआधीच 'गीताई' रचली होती. ती लिहिली गेली तेव्हा आई जाऊन बारा वर्षं झाली होती. ग्रंथाचं नाव मात्र आईवरूनच. आणि प्रवचनं लिहून घेणारा कोण, तर पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिणारा माणूस! हा योगायोग मला दर वेळी नवाच वाटतो.

अकराव्या अध्यायाचा रविवार १ मे रोजी आला. या अध्यायात अर्जुन हट्टानं विश्वरूप बघायला मागतो आणि दिसल्यावर थरथर कापतो. तेव्हा तो काय म्हणतो? बाप जसा मुलाचं पोटात घालतो, तसं माझं पोटात घाल. आणि देव काय करतो? भेदरलेल्या अर्जुनाला दटावत नाही. आपलं ते भयंकर रूप आवरतो, ओळखीच्या रूपात येतो, धीर देतो. एवढी मोठी ताकद आवरून धरणं हे मला बापाचं काम वाटतं. घाबरवायला तर कुणीही पुरतं.

आता अवघड भाग. माझा धाकटा भाऊ एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेला. वहिनीनं चार महिने देव्हाऱ्यात दिवा लावला नाही. म्हणाली, "देव माय आहे म्हणता ना भाऊ, मग झोपली होती का?" मी गप्प राहिलो. देवाची बाजू लढवायला मी काही त्याचं वकीलपत्र घेतलेलं नव्हतं. नवस बोलायला लावणारे, ताईत विकणारे मात्र आले. त्यांच्याकडे हमी होती. हमीचा देव आणि धमकीचा देव एकाच दुकानातला माल, असं माझं मत त्या उन्हाळ्यात पक्कं झालं.

मला मुक्ताई आठवत राहिली, आमच्या जळगाव जिल्ह्यात जिची समाधी आहे ती. तिच्या नावानं एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. तिची पालखी महिन्याहून जास्त दिवस चालत पंढरपूरला जाते. परंपरा सांगते की आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि ही चार भावंडं उघड्यावर पडली. त्या पोरांना देवाचा राग यायला हवा होता. त्यांच्यातलाच ज्ञानदेव पुढे वारकऱ्यांची 'माउली' झाला! आणि चिडून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवाला समजवायला गेली ती सगळ्यांत धाकटी मुक्ताई. आईबाप नसलेल्या घरात तीच आई झाली. वहिनीला मी हे सांगितलं नाही. माझी लेक पंधरा दिवस तिच्याकडे जाऊन राहिली, एवढंच.

अशीच एक आई मी पाहिली आहे. मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. एका भाद्रपदात अमळनेरच्या अलीकडे फरशी-पुलावरून पाणी वाहत होतं. ड्रायव्हरनं गाडी उभी केली, इंजिन बंद, दिवे बंद. चाळीसेक माणसं अंधारात. मागे पाणी, पुढे पाणी. म्हातारी माणसंसुद्धा वीज कडाडली की "ओ माय" म्हणत होती. सत्तरीतल्या माणसाची माय कधीच गेलेली, तरी तोंडातून तीच निघते. तिसऱ्या बाकावर एक बाई होती, मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा. तो सारखा विचारी, पाणी गाडीत येईल का? ती एकदाही नाही म्हणाली नाही. तिला तरी काय माहीत! प्रत्येक वेळी एवढंच, "मी शे ना बाबू." मी बॅटरी मारली तेव्हा तिचा हात थरथरताना दिसला. पोरगा मात्र त्याच हातावर झोपला. पाणी पहाटे चारला ओसरलं.

गेल्या आठवड्यातल्या त्या रात्री नातीच्या हातातून मी मोबाइल घेतला, तो मेसेज पुसला. तिला पांघरुणात घेतलं. म्हटलं, "झोप माय, मी शे ना."

आमच्याकडे आता घरात अहिराणी कोणी बोलत नाही. "शे ना म्हणजे काय, आबा?" असं तिनं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच झोपली.